आज त्या टीचर नाहीत

“हात पुढे करा,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. “असा नाही. ओंजळ करा. आणि मान थोडी खाली.”

मी शाळेच्या हॉलमध्ये गोणपाटावर बसले होते. मागे पुठ्ठ्याची झोपडी, तिच्यावर तपकिरी रंगाने काढलेलं गवत. बाजूला मडकं. त्याच्यावर काळ्या पेनने चीर काढलेली, फुटकं दिसावं म्हणून. समोर ज्युनिअर केजीची मुलं रांगेत उभी. कुणाच्या हातात बिस्किटांचा पुडा, कुणाच्या हातात जुना टेडी, कुणाच्या हातात आखूड झालेला स्वेटर. भिंतीला लागून आईबाप उभे होते. मोबाईल वर धरून.

माझ्या अंगावर माझ्या आईचं लुगडं होतं. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

रांगेतली पहिली मुलगी पुढे आली आणि थबकली. माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

“ह्या तर आपल्या टीचर आहेत.”

हॉलमध्ये हसू फुटलं. मॅडमही हसल्या. वाकल्या. गोड आवाजात म्हणाल्या, “हो गं राणी. पण आज त्या टीचर नाहीत. आज त्या गरीब आहेत.”

मुलीने मान डोलावली. लहान मुलांना मोठ्यांचं सगळं पटतं. तिने माझ्या ओंजळीत पुडा ठेवला आणि पुढे सरकली.

हे मी सावकाश लिहिते आहे. एकेक वाक्य लिहून थांबते. रागात लिहिलं तर मॅडम राक्षसीण होतील, आणि त्या तशा नव्हत्या. आई गेली तेव्हा त्यांनी मला भरपगारी रजा दिली होती. ‘काळजी घ्या’ असा मेसेज पाठवला होता. मुलांना लहानपणापासून देण्याची सवय लागली पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच हे सांगायला हवं.

माझं गाव सुरगाण्याच्या डोंगरात. पलीकडच्या टेकडीवरून गुजरात दिसतो. भात झोडून झालं की गावातली निम्मी माणसं जीपच्या टपावर बोचकी बांधून खाली उतरायची. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला. आईही उतरायची, मला घेऊन. पुढे आश्रमशाळेत नाव घातलं, तिथून बारावी, मग नाशिकला डी.एड. गंगापूर रोडच्या मागच्या एका कॉलनीत ही इंग्रजी शाळा. मुलाखतीत मॅडम म्हणाल्या होत्या, “तुमचा आवाज किती शांत आहे. मुलांना आवडेल.” स्टाफरूममधली एक टीचर म्हणाली होती, “अगं, तू वाटत नाहीस हं अजिबात.” ते कौतुक होतं. काय वाटत नाही, हे तिला बोलावं लागलं नाही.

आई भातकापणीच्या दिवसांत गेली. ताप होता, अंगावर काढला. छातीत दुखायला लागलं तेव्हा मामाने जीप केली. सुरगाण्याच्या दवाखान्यात पोहोचायच्या आधी ती जीपमध्येच गेली. मी नाशिकहून पोहोचले तोवर तिला अंगणात ठेवलं होतं.

माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारच्या बायका भाकरी घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी. टोपली ठेवून त्या निघून जात नाहीत. जवळ बसतात. बोलत काही नाहीत. तुम्ही नुसतं पाहत राहिलात तर तुकडा मोडून तुमच्या हातात देतात, आणि तुम्ही खाल्ल्यावर स्वतः एक घास खातात. निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. नुसत्या उठतात. समोरच्या घरची म्हातारी माझ्याजवळ संध्याकाळपर्यंत बसून होती. शेवटी एवढंच म्हणाली, “खाल्लंस ना पोरी? मग बरं.”

शाळेत परत आले. पहिल्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत रेवाने मला धरलं. रेवा म्हणजे वर्गातली सगळ्यांच्या डब्याची चौकशी करणारी. कुणी काय आणलं, कुणी काय टाकलं, सगळं तिला ठाऊक.

“टीचर, तुमचा डबा?”

“आज नाही आणला.”

“आई विसरली?”

डबा नसण्याचं दुसरं कारण तिच्या वयाला माहीतच नव्हतं.

“माझी आई मेली, रेवा.”

“म्हणजे झोपली?”

“नाही. झोपलेलं माणूस उठतं. ती आता उठणार नाही.”

तिने पोळीचा रोल हातातच धरून ठेवला. “मग तुम्हाला डबा कोण देणार?”

“आमच्या गावात असं झालं की शेजारचे लोक भाकरी घेऊन येतात. आणि जवळ बसतात.”

“किती वेळ?”

“आपण खाईपर्यंत.”

तिने विचार केला. मागून एका मुलाने विचारलं, “टीचर, सू-सूला जाऊ?” सुट्टी संपली. मला वाटलं, विसरली असेल.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. रेवाच्या आईचा फोन आला होता. रेवाने घरी विचारलं होतं, आई, तू मेलीस तर आपल्याकडे भाकरी घेऊन कोण येईल? जोशीकाकू येतील का? घरात रडारड झाली होती.

“तुमचं दुःख मला समजतं, टीचर,” मॅडम म्हणाल्या. “पण हे वय नाही त्यांचं. पालक मुलांना इथे आनंदात राहायला पाठवतात. निगेटिव्ह विषय वर्गात नको.”

मी ठीक आहे म्हटलं.

“आणि हो, आपला एम्पथी वीक येतोय. दुसऱ्याचं मन ओळखायला शिकणं, अशी थीम आहे. त्यात तुमचा मोठा रोल आहे. तुमच्या गावाबद्दल मुलांना दाखवू या. तुमच्याकडचे कपडे, वस्तू. काहीतरी ऑथेंटिक.”

मला आनंद झाला. खरंच झाला. आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं. रविवारी गावी जाऊन आईच्या पेटीतलं लुगडं आणलं. खांद्यावरून घ्यायची फडकी आणली. सूप आणलं. पिशवीभर नागली आणली, थोडी दळूनही आणली. मनात सगळं ठरवलं होतं. मुलं नागलीत हात घालतील. मोहरीएवढे लाल दाणे बोटांतून निसटतील, ती हसतील. मग पिठाचा एकेक गोळा देईन. प्रत्येकाने आपली चिमुकली भाकरी थापायची. कुणाची वाकडी होईल, कुणाची फाटेल. मग सगळ्यांनी एकमेकांची खायची.

त्या सकाळी हॉलमध्ये गेले तर झोपडी उभी होती.

मॅडमनी पिशवीत डोकावलं. “अरे वा, छान आहे. पण हे स्टाफरूममध्ये ठेवा. आज वेळ नाही.”

“मग मी मुलांशी काय बोलू?”

“काहीच बोलायचं नाही. तुम्ही फक्त बसा. मुलं येतील, देतील, तुम्ही घ्या. घेतल्यावर नमस्कार करा. देण्यातला आनंद त्यांना कळला पाहिजे.”

मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पुढे होऊन आईच्या लुगड्याचा पदर खांद्यावरून ओढला आणि आतली बाजू बाहेर केली.

“हे ठिगळ दिसू दे. कॅमेऱ्यात येईल.”

आईने ते ठिगळ आतून लावलं होतं. बाहेरून दिसू नये म्हणून. बारीक टाके, लुगड्याच्याच रंगाचा दोरा. त्या दोऱ्यासाठी ती बाजारात दुकानं फिरली असेल.

मी तेव्हाच उठायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. नाही उठले. पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण होतं. आणि माणूस लगेच उठत नाही. अपमान अंगात उतरायला वेळ लागतो. आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मी बसले. ओंजळ केली. मान खाली घातली.

मुलं येत गेली. टेडी. स्वेटर. चाक निघालेली गाडी. प्रत्येक मुलाने दिलं की मॅडम माईकवर विचारायच्या, “तुला कसं वाटलं?” मूल म्हणायचं, “मला छान वाटलं.” वर्गात आठवडाभर घोकून घेतलं होतं. एकजण वाक्य विसरला तर त्याची आई भिंतीपासून ओरडली, “छान वाटलं म्हण ना बाळा!”

दुसऱ्याचं मन ओळखायचा तो आठवडा होता. प्रत्येकाला स्वतःला काय वाटलं ते विचारलं गेलं. ओंजळ करून बसलेल्या बाईला काय वाटतंय, हा प्रश्न त्या माईकमधून एकदाही आला नाही.

मग रेवा आली.

तिच्याकडे बिस्किटांचा पुडा होता. तिने तो ओंजळीत ठेवला नाही. ती माझ्या शेजारी गोणपाटावर बसली. मांडी घातली, फ्रॉक नीट केला. दातांनी पुडा फोडला. एक बिस्कीट मला दिलं, एक स्वतः घेतलं.

“खा,” ती म्हणाली. “तुमची आई मेली ना. मी बसते.”

रांग थांबली. तिच्या मागचा मुलगा पुढे आला. “मी पण बसू?” म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता बसला. मग आणखी एक. टेडी द्यायला आलेल्या मुलीने टेडीलाही बसवलं. भिंतीकडून कुणीतरी म्हणालं, “अरे, इथे तर पिकनिकच झाली!” पुन्हा हसू.

मी बिस्कीट तोंडात घातलं. चावत राहिले.

मॅडम आल्या. “रेवा, बेटा, दिलंस ना? चला, पुढे.”

“टीचर अजून खातायत.”

“शहाणी आहेस ना? रांग मोडायची नाही. बघ, तुझ्यामुळे सगळे थांबलेत.”

“पण त्या खातायत.”

मॅडमनी तिचा दंड धरला आणि तिला उठवलं. जोरात नाही. सवयीने. रेवाच्या हातातलं बिस्कीट पडलं, तुटलं. तिने मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. माझं काय चुकलं, एवढंच होतं त्या नजरेत.

मी हे आधी पाहिलं होतं.

दिंडोरीकडच्या बागेत मालकाची नात माझ्याच वयाची होती. तिची आजी तिला घेऊन बागेत यायची. एकदा ती धावत आमच्या पालापाशी आली, माझ्याजवळ बसली, माझ्या भाकरीचा तुकडा तोडून खाल्ला. “काळी पोळी,” म्हणाली आणि अजून मागितली. तेवढ्यात आजी आली. असाच दंड धरला. “तिथं बसत्यात का? द्यायचं आसंल तर दे अन् ये.” दुसऱ्या दिवशी ती मुलगी लांब उभी राहिली. तिथून माझ्याकडे लिमलेटची गोळी फेकली आणि आजीकडे बघून हसली. आजीने मान डोलावली. मुलगी दुष्ट नव्हती. तिला जे शिकवलं ते ती एका दिवसात शिकली होती. त्या हंगामात ती पुन्हा माझ्याजवळ बसली नाही.

माया मुलांना शिकवावी लागत नाही. ती आपणहून बसतात. मोठी माणसं त्यांना दंड धरून उठवतात, लांब उभं करतात, आणि तिथून फेकायला शिकवतात. मग त्याचे फोटो काढतात.

उद्या रेवाही लांब उभी राहणार होती. हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की मी उठून उभी राहिले.

मी भिकारी नाही, असं ओरडावंसं वाटलं. तोंडाशी आलं होतं. ओरडले नाही. ज्याला खरंच हात पसरावा लागतो, त्याच्याहून मी वरची, असंच मुलांनी ऐकलं असतं. तेही तेच शिक्षण.

“मॅडम, तिचा हात सोडा.”

“टीचर, आपण नंतर बोलू.”

“आधी हात सोडा.”

मॅडमनी हात सोडला. मोबाईल चालू होते म्हणून सोडला, हे मला माहीत आहे.

मी पदर उलटा करून ठिगळ आत घेतलं. मग मुलांना म्हणाले, रोज वर्गात बोलते त्याच आवाजात, “मी तुमची टीचर आहे. आजही आहे. हे माझ्या आईचं लुगडं आहे, नाटकातलं नाही. चला, वर्गात जाऊ.”

मुलं निघाली. सगळी नाही. काहींना आईबापांनी हाका मारून परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तीन खुर्च्या होत्या. मॅडम, रेवाची आई, मी. रेवा बाहेर बाकावर, पाण्याची बाटली गळ्यात.

मॅडमनी मला पाणी दिलं. “तुम्ही दुःखात आहात. मी समजू शकते. विषय वाढवायचा नाही मला. आज वर्गात फक्त सांगा की ते नाटक होतं आणि टीचरकडून ते बिघडलं. पुढच्या वेळी कुणी रांग मोडणार नाही. रेवाने सॉरी म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. संपलं.”

रेवाची आई इतका वेळ मोबाईल हातात फिरवत होती. ती म्हणाली, “ती सकाळपासून एकच विचारतेय. मी चुकले का? युनिफॉर्म घालायला तयार नव्हती. काय सांगू मी तिला?”

“सांगा, थोडंसं चुकलं,” मॅडम म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी नीट करशील. लहान आहे, शिकेल.”

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“ती चुकली नाही. मी हे वर्गात बोलणार नाही. तिला सॉरीही म्हणू देणार नाही.”

“टीचर, एवढ्याशा गोष्टीसाठी नोकरी घालवताय?”

“कुणाजवळ बसल्याबद्दल मुलीला माफी मागायला लावायची. ही एवढीशी गोष्ट नाही.”

मॅडमचा आवाज बदलला. “तुमच्यासाठी आम्ही काय कमी केलं? रजा दिली. पगार कापला नाही. तुमच्या समाजातल्या बाईला एवढ्या चांगल्या शाळेत घेतलं. कोण घेतं?”

‘तुमच्या समाजातल्या’. एवढे दिवस तोंडात होतं, आज बाहेर पडलं.

“रजा दिलीत, ते मी विसरणार नाही,” मी म्हटलं. “पण त्याच्या बदल्यात ही मुलगी मी देणार नाही.”

रेवाची आई उठली. “मॅडम, मी बघते घरी,” एवढंच म्हणाली. ती माझ्या बाजूने बोलली नाही. मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

मी तिच्या आधी बाहेर गेले. बाकापाशी खाली बसले.

“रेवा, तू चुकली नाहीस. तू बसलीस ते बरोबर होतं. कुणीही काहीही सांगितलं तरी ते बरोबरच होतं.”

ती बाटलीची दोरी चघळत होती. आईने तिला उचललं आणि झपाझप जिना उतरली. तिला माझं म्हणणं पोहोचलं की नाही, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

त्यानंतर मला फाटकातून आत घेतलं नाही. वॉचमनकाका खाली बघत म्हणाले, “मॅडमनी सांगितलंय, टीचर. माझा नाइलाज हाय.” शाळेतल्या मावशींनी सूप आणि नागलीची पिशवी फाटकाबाहेर आणून दिली. पिशवीची गाठ मी बांधली होती तशीच होती.

पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. तो रेवा येण्याआधीच कापला आहे. त्यात मी ओंजळ करून बसले आहे, नमस्कार करते आहे, मुलं म्हणताहेत, मला छान वाटलं. खाली बदाम. खाली जोडलेले हात. आईच्या लुगड्याचं ठिगळ स्पष्ट दिसतं. तो व्हिडिओ अजून कुठेतरी असेल. राहू दे.

मध्यंतरी दुसऱ्या एका शाळेत मुलाखत झाली. विचारलं, आधीची नोकरी का सोडली?

“सोडली नाही. काढलं.”

“का?”

मी सगळं सांगितलं. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “कळवतो,” म्हणाल्या. कळवलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी जाईन. तिथेही हेच सांगेन, न विचारता सांगेन. माझी नोकरीची अट आता एकच आहे, आणि ती मी घालणार, शाळा नाही. माझ्या वर्गात लहान मुलांकडून कुणी दान करून घ्यायचं नाही. कुणाला गरीब म्हणून समोर बसवायचं नाही. आणि माझ्या वर्गातलं मूल रडणाऱ्याजवळ, उपाशी माणसाजवळ, कुणाहीजवळ जाऊन बसलं, तर ते स्वतः उठेपर्यंत बसेल. त्याचा दंड धरायला हात पुढे आला, मग तो मॅडमचा असो की जन्मदात्या बापाचा, तर तो हात मी मधेच धरीन. आणि सोडणार नाही.